पाळकाची पत्नी आणि तिची ओवी

एखाद्या धर्मोपदेशकाचें चरित्र उघडलें म्हणजे त्यांत त्याचीं व्याख्यानें, त्याचे प्रवास आणि त्याचे ग्रंथ यांची नोंद सांपडते. परंतु त्याच्या घरीं अवेळीं आलेल्या पाहुण्याला कोणी जेवूं घातलें, त्यानें दानधर्मांत पैसा संपविल्यावर महिनाअखेर कोणी निभावून नेली, त्यानें रचलेलें पद पहिल्यानें कोणाच्या कंठांत बसलें, याची नोंद सहसा सांपडत नाहीं. ती नोंद जिनें स्वतःच्या हातानें करून ठेवली अशी एक स्त्री महाराष्ट्रांत होऊन गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्याविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

प्रथम 'पाळकाची पत्नी' म्हणजे काय हें पाहूं. ख्रिस्ती धर्मांतील रोमन पंथाचे धर्मगुरु अविवाहित राहतात. त्यामुळें तेथें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. सोळाव्या शतकांत जर्मनींत मार्टिन ल्यूथर यांनीं धर्मसुधारणा आरंभिली आणि १५२५ सालीं कॅथरिना फॉन बोरा ह्या पूर्वीं मठांत जोगीण असलेल्या स्त्रीशीं लग्न केलें. विटेनबर्ग येथील एका जुन्या मठांत ह्या बाईनें संसार मांडला. गुरें पाळलीं, विद्यार्थ्यांच्या जेवणाची व राहण्याची सोय केली, आल्यागेल्याचें केलें आणि नवऱ्याची व्याख्यानें चालूं राहतील एवढी मीठभाकर घरांत ठेवली. तेव्हांपासून प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकाची पत्नी ही एक बिनपगारी अधिकारीण होऊन बसली. पगार एकाला आणि काम दोघांना, अशी ही नोकरी आहे! त्याच ल्यूथरनें लोकांनीं देवाची स्तुति लोकांच्या भाषेंत गावी असा आग्रह धरिला व १५२४ सालापासून जर्मन भाषेंतील गीतांचीं पुस्तकें छापून निघूं लागलीं. घर आणि गाणें ह्या दोन्ही गोष्टी तेथें एकाच वेळीं बदलल्या, हें ध्यानांत ठेवावें. कारण आपल्याकडेही पुढें तसेंच घडलें.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. १८५७ च्या बंडानंतरच्या धामधुमींत त्यांच्या आईच्या वडिलांना फांशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यांत सोंवळ्याचें वेड शिरलें तें कायमचें. बाजारांतून आणलेली वस्तु धुतल्याशिवाय घरांत येत नसे. मिठासारख्या वस्तूचीही त्यांतून सुटका नव्हती. मीठ धुतल्यावर किती उरत असेल ह्याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा. घरांतील बायकांना आणि मुलींना ह्या सोंवळ्यापायीं काय सोसावें लागलें तें लक्ष्मीबाईंनीं पुढें हसत हसत सांगितलें आहे. परंतु त्या हंसण्याच्या आड एका भेदरलेल्या मुलीचें रडणें आहे, हें समजण्यास फार बुद्धि लागत नाहीं.

अकराबारा वर्षांच्या वयांत त्यांचें लग्न झालें. नवरा कवि, विद्वान, अत्यंत प्रेमळ आणि तितकाच लहरी. न सांगतां घर सोडून जावें, कोठें तरी नोकरी धरावी, ती सोडावी, पुन्हां बायकोला बोलावून घ्यावें, असा टिळकांचा क्रम होता. नाशिक, नागपूर, राजनांदगांव असा हा संसार फिरत राहिला. लक्ष्मीबाईंना टिळकांनींच अक्षरओळख करून दिली. शाळेचें तोंड म्हणून त्यांनीं पाहिलें नाहीं.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची व टिळकांची गांठ पडली. बोलण्याच्या ओघांत कवितेचा विषय निघाला व त्या गृहस्थानें जातांना टिळकांना 'नवा करार' वाचावयास दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांचें मन वेधलें. दीड-दोन वर्षें विचार केल्यावर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनीं परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेतां तुकाराम नथोजी ह्या एतद्देशीय पाळकाच्या हातून घेतला. ही गोष्ट लहान दिसते. परंतु धर्म बदलला तरी देश बदलावयाचा नाहीं, हा टिळकांचा पुढील सर्व आयुष्याचा निश्चय तींत आहे.

इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलें. नवरा जिवंत असतां त्या काळच्या समाजाच्या दृष्टीनें त्या ना सुवासिनी ना विधवा, अशा स्थितींत येऊन पडल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनीं कांहीं काळ पंढरपुरास आपल्या बहिणीच्या आश्रयानें काढला. चार-पांच वर्षांचा हा वियोग. ह्याच काळांत त्यांच्या हातून कविता उतरूं लागली. ज्या बाईला ऱ्हस्वदीर्घाचा नियम ठाऊक नव्हता तिला छंदाचा नियम कोठून ठाऊक झाला? ह्याचें उत्तर पुढें गाण्याच्या भागांत येईल.

शेवटीं त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे नगरास गेल्या. गेल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. आपलें सोंवळें आपण सांभाळावें, स्वतंत्र स्वयंपाक करावा, आणि नवऱ्याजवळ मात्र असावें, असा त्यांचा बेत होता. टिळकांनींही त्यांच्यावर सक्ति केली नाहीं. येथें ह्या चरित्राचें मर्म आहे. टिळकांचें मन एका ग्रंथानें पालटलें. लक्ष्मीबाईंचें मन पालटलें तें पाण्याच्या तांब्यावरून. शिवाशिवीचा विचार करतां करतां त्यांच्या मनानें घेतलें कीं, माणसामाणसांतील हे भेद देवानें केलेले असणें शक्य नाहीं. ते माणसानेंच केले. मग त्यांनीं ठरविलें कीं आजपासून कोणाच्याही हातचें खावें आणि कोणाच्याही हातचें पाणी प्यावें. मीठ धुणाऱ्या घरांतील मुलीनें घेतलेला हा निर्णय आहे! तो बाप्तिस्म्याच्या आधींचा आहे हें विसरूं नये. त्यानंतर १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पुढील सर्व सेवेचा पाया व्याख्यानांत नसून त्या एका घोटभर पाण्यांत आहे, असें मला वाटतें.

आतां त्यांची सेवा काय होती तें पाहूं. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत होते. धर्मशिक्षणाच्या पाठशाळेंत ते शिकवीत आणि पुढें १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले. हें 'ज्ञानोदय' १८४२ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, निघालें. टिळकांचें घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. कोणी अनाथ मूल आलें, कोणी घरांतून हांकललेला तरुण आला, कोणी कवि आला, तरी दार उघडें असे. टिळक माणसें आणीत आणि लक्ष्मीबाई त्यांना वाढीत. बालकवि ठोमरे यांनीं ह्याच घरीं कांहीं काळ पोटच्या मुलासारखी माया अनुभविली. पुढें १९१८ सालीं त्यांचा आगगाडीखालीं अकालीं अंत झाला. नगरांत प्लेगनें थैमान घातलें असतां आजारी मुलींच्या शुश्रूषेसाठीं लक्ष्मीबाई पुढें झाल्या. बाहेरच्या जगास ह्या गोष्टी टिळकांच्या औदार्याच्या म्हणून ठाऊक होत्या. परंतु औदार्याची आज्ञा देणारा एक असतो आणि त्या आज्ञेपायीं पीठ मळणारा दुसरा असतो. त्या दुसऱ्याच्या हातांवर सगळें औदार्य उभें असतें.

श्रोतेहो, आतां मी संगीताकडे वळतों. आमचें देगलूर हें तेलंगणाच्या वेशीवरचें गांव. गुंडामहाराजांच्या भजनपरंपरेचें हें गांव असल्यामुळें टाळ-मृदंगाचा नाद येथील हवेंतच आहे. धुंडामहाराज देगलूरकरांचीं ज्ञानेश्वरीवरील प्रवचनें तर साऱ्या महाराष्ट्रानें ऐकलीं. अशा गांवच्या माणसाला एक प्रश्न सहज सुचतो: ज्याच्या कानांत जन्मापासून अभंग बसला आहे त्यानें धर्म बदलला तर त्याच्या कानानें काय करावें?

आरंभींच्या मिशनऱ्यांनीं इंग्रजी स्तोत्रांचीं मराठी भाषांतरें केलीं आणि तीं इंग्रजी चालींवरच बसविलीं. हेतु चांगला होता. पण अडचण भाषेच्या घडणींतच होती. इंग्रजी पद्य आघातावर चालतें. एक अवयव हलका, दुसरा जोराचा, अशी त्याची चाल असते, आणि त्या चालीचा सूरही त्या जोरावर उभा राहतो. मराठींत असा ठळक आघात नाहीं. येथें ऱ्हस्व आणि दीर्घ यांचें वजन चालतें. त्यामुळें इंग्रजी चालींत मराठी शब्द बसविला कीं सुराचा ठोका ऱ्हस्वावर पडतो, दीर्घ अक्षर चिरडलें जातें आणि शब्द मधोमध तुटतो. गाणारा देवाची स्तुति करतो, परंतु ऐकणाऱ्याला अर्थच कळत नाहीं. शिवाय तिकडील स्तोत्रें चार निरनिराळ्या स्वरपंक्तींत एकाच वेळीं म्हणावयाचीं असतात. आपलें भजन एका सुरांत, पुढें म्हणणारा आणि मागें उचलून धरणारे अशा रीतीनें चालतें.

उलट अभंगाची घडण पाहा. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरें व चौथ्यांत चार; दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लहान अभंगांत आठ आठ अक्षरांचे दोन चरण. येथें अक्षरें मोजावयाचीं. ऱ्हस्वदीर्घाचा जाच नाहीं, कारण गातांना अक्षर लांबवितां येतें. ओवी तर त्याहूनही मोकळी: पहिले तीन चरण यमकानें बांधलेले आणि चौथा आंखूड, जणूं जात्याचा खुंटा फिरून जागेवर यावा तसा. दळतांना, कांडतांना, मूल निजवितांना हीच ओवी बायकांच्या ओठीं शतकानुशतकें फिरत आली. मघांच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. लक्ष्मीबाईंनीं छंदःशास्त्र वाचलें नव्हतें. तें त्यांच्या कानांत आधींच होतें.

मराठी ख्रिस्ती गाण्याला ही वाट अगदीं नवी होती असें मात्र नाहीं. गोमंतकांत फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मगुरूनें १६१६ सालीं 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केलें. सुमारें ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेचें भूषण मानला जातो. एकोणिसाव्या शतकांत नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं कीर्तनाची पद्धति ख्रिस्ती कथेसाठीं वापरली. परंतु ह्या वाटेचा राजमार्ग केला तो टिळकांनीं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांचे अभंग 'अभंगांजलि' म्हणून प्रसिद्ध झाले, आणि त्यांचीं भजनें मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' ह्या गीतसंग्रहांत शेंकड्यांनीं आहेत. आजही रविवारीं मराठी उपासनेंत तीं गाइलीं जातात. पेटी, तबला, झांजा यांच्या साथीनें चाललेलें तें भजन रस्त्यावरून जाणाऱ्यानें ऐकलें, तर हें देऊळ कीं चर्च, असा क्षणभर त्याला संभ्रम पडावा. ह्या गाण्याची पहिली परीक्षा घरांत झाली. जें पद स्वयंपाक करतां करतां बायकोला म्हणतां येत नाहीं तें मंडळीला काय म्हणतां येणार?

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ह्या नांवानें एक नवी बंधुता आरंभिली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तींत स्थान असावें, हा त्यांचा हेतु. पगार सोडण्याचा आनंद संन्याशाला होतो. त्याची काळजी संसाराला होते. दोनच वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस टिळक निवर्तले.

सामान्यतः पाळक गेला कीं पाळकपत्नीचें कार्य संपतें. लक्ष्मीबाईंचें खरें कार्य येथें सुरू झालें. टिळकांनीं येशूचें चरित्र ओवीबद्ध करावयास घेतलें होतें. त्याचें नांव 'ख्रिस्तायन'. दहा अध्याय पुरे आणि अकरावा अर्धामुर्धा, एवढेंच त्यांच्या हातून झालें. लक्ष्मीबाईंनीं तो ग्रंथ हातीं घेतला आणि साठांहून अधिक अध्याय रचून शेवटाजवळ आणिला. जिला नवऱ्यानें धुळाक्षरें शिकविलीं तिनेंच नवऱ्याचें महाकाव्य पुरें करीत आणावें, ही घटना आपल्या वाङ्मयांत एकमेव आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्यांना मरण आलें. शेवटचा हात त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीं फिरविला आणि १९३८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. पित्यानें आरंभिलेलें, मातेनें वाढविलेलें आणि पुत्रानें पुरें केलेलें असें हें काव्य आहे.

ओवीचा आणि घरगुती बोलीचा हाच कान त्यांच्या गद्यांत उतरला. टिळकांचें चरित्र लिहावयाचें म्हणून देवदत्तांनीं आईकडून आठवणी मागितल्या आणि त्या आठवणींतून 'स्मृतिचित्रें' हा ग्रंथ जन्मला. १९३४ सालापासून त्याचे चार भाग निघाले. मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि इंग्रजींत त्याचीं एकाहून अधिक भाषांतरें झालीं आहेत. मी शाळेंत मराठी शिकवीत असतांना त्यांतील उतारा वाचावयास घेतला कीं मागच्या बांकावरचीं मुलेंही मान वर करीत. त्याचें कारण असें कीं ही बाई आपली शोकांतिका सांगत नाहीं. ती आपल्या घरांतील गंमत सांगते, आणि शोक ज्याचा त्यानें ओळखावयाचा असतो. नवऱ्याची थोरवी आणि नवऱ्याचा विक्षिप्तपणा हीं दोन्ही ती एकाच प्रेमानें सांगते. देवपूजा तिनें केली नाहीं आणि तक्रारही केली नाहीं.

ह्या चरित्रावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, लक्ष्मीबाई नवऱ्यामागून गेल्या, त्यांत त्यांचें स्वतःचें काय? ह्याला उत्तर त्या चार-पांच वर्षांचें आहे. नवऱ्यामागून जावयाचें असतें तर त्या १८९५ सालींच गेल्या असत्या. त्या थांबल्या, झगडल्या, स्वतः पाहिलें, स्वतः पाणी प्याल्या आणि मग निश्चय केला. नवरा आधीं पोंचला म्हणून बायकोची वाटचाल खोटी ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप दोन्ही बाजूंनीं येतो. कांहीं म्हणतात, अभंग हा विठोबाचा. तो परक्या दैवतासाठीं वापरणें योग्य नव्हे. कांहीं म्हणतात, ख्रिस्ती उपासनेंत टाळ-मृदंग आणणें म्हणजे जुन्याचा मोह न सुटणें. दोन्ही पक्षांची तळमळ मी समजूं शकतों. पण छंद हा कोणा एकाच्या मालकीचा असता तर ज्ञानेश्वरांची ओवी जात्यावर कशी गेली असती? शेख महंमदांसारख्या मुसलमान घरांतील संतानें मराठींत भक्तीची कविता कशी केली असती? भाषा ही गांवच्या विहिरीसारखी आहे; तिचें पाणी सर्वांना मिळालें म्हणजे ती आटत नाहीं, उलट उपसा थांबला कीं तें पाणी नासतें. माणूस देव्हारा बदलूं शकतो. आईच्या ओवीचा कान बदलूं शकत नाहीं, आणि बदलूं नये. मराठी, तेलुगु, कानडी आणि उर्दू ह्या चार भाषा रोज कानांवर पडणाऱ्या आमच्या सीमेवरच्या गांवांत तर ही गोष्ट व्यवहारानेंच पटते. शेजाऱ्याचें गाणें कानांत राहिलें तर शेजाऱ्याविषयीं द्वेष मनांत राहणें कठीण जातें.

शेवटीं एक सूचना करून मी आपली रजा घेतों. लक्ष्मीबाईंचें नशीब थोर म्हणून त्यांच्या मुलानें आठवणी मागितल्या आणि त्या लिहिल्या गेल्या. आपल्या घरोघरीं अशा आज्या आणि आत्या आहेत कीं ज्यांच्याकडे कोणी कांहीं मागितलेंच नाहीं. जातें गेलें, त्याबरोबर दळणाच्या ओव्या जात आहेत. पाळणे आणि भूपाळ्या जात आहेत. आणि ख्रिस्ती घरांतील जुन्या बायकांच्या कंठांत असलेल्या भजनांच्या चालीही जात आहेत, कारण पुस्तकांत शब्द छापले गेले तरी चाल कंठांतच राहते. सुशिक्षित घरांतील मंडळींनीं एवढें करावें: येत्या सुटींत एक वही घ्यावी, घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावें, तिला येत असेल तें म्हणावयास लावावें, शब्द लिहून घ्यावे आणि हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत असलेल्या यंत्रावर चाल उतरून ठेवावी. तिला संकोच वाटेल. आपल्याला काय येतें असें ती म्हणेल. लक्ष्मीबाईंनाही शुद्ध लिहितां येत नव्हतें, हें तिला सांगावें.